भिंतीतली वेसण

माझ्या हॉलमध्ये एकही वायर दिसत नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरनंच झालं.

आमच्या माण गावात आता बंगले रग्गड झालेत. जमिनी आयटी कंपन्यांच्या वसाहतीच्या फेजमध्ये गेल्या, ज्यानं त्यानं घर बांधलं, वर खोल्या काढल्या, भाड्यानं दिल्या. पण कुणाच्याही घरात जा आणि टीव्हीच्या खाली बघा. बोकड सोलून टांगल्यासारखी आतडी लोंबत असतात. एक वायर इकडं, एक तिकडं, मध्ये एक डबा लुकलुक करतोय आणि त्यावर धुळीचा थर. माझ्या घराचं प्लास्टर व्हायच्या आधी मी खुर्ची टाकून हॉलमध्येच बसायचो. वायरमनला सांगून ठेवलं होतं, "काय न्यायचं ते भिंतीतनं ने. माझ्या भिंतीवर मुंगी चालली तर चालंल, वायर चालणार न्हाई." त्यानं कोपऱ्यातल्या शोकेसच्या कपाटापासून टीव्हीपर्यंत भिंतीत पाईप टाकला, पाईपातनं वायर नेली, आणि वर गिलावा असा बसवला की हात फिरवला तर म्हशीच्या पाठीसारखा लागावा. शाळा मी फारशी केली नाही. मी सुटलो आणि मास्तरही सुटले. पण ओळंबा मला कळतो, आणि ती भिंत ओळंब्यात, सुतासारखी सरळ आहे.

ही भिंत बघून माझे व्याही गार झाले होते. व्याही म्हणजे सूनबाईचे वडील, कोळवणचे. त्यांची भाताची खाचरं अजून शाबूत आहेत आणि हे ते दर भेटीत मला आठवणीनं सांगतात. वास्तुशांतीला आले तेव्हा टीव्हीच्या मागं डोकं घालून घालून बघत होते. "पाव्हणं, ह्येला वीज कुटनं येती?" मी म्हणालो, "भिंतीतनं." ते म्हणाले, "व्हय?" बस्स. एवढ्या एका 'व्हय'साठी माणूस घर बांधतो.

त्यांनी आहेर म्हणून माझ्या शेवटच्या बैलजोडीचा फोटो मोठा करून, चौकट घालून आणला होता, खिळासुद्धा कोळवणातनंच. पोळ्याला काढलेला, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. व्याह्यानं आणलेली वस्तू व्याह्याच्याच हातानं लागावी, असं तेच म्हणाले. हातोडी सापडेना तर स्वयंपाकघरातनं वरवंटा उचलून आणला आणि दोन दणक्यात खिळा ठोकून फोटो लावलासुद्धा. वरवंट्याची कपची उडाली. आमच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, त्या दिवशी पाव्हण्यांना जेवायला वाढलं, पण दुसऱ्यांदा आमटी विचारली नाही.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग घरात गेमचं मशीन आलं.

मशीन सूनबाईनं आणलं, स्वतःच्या पगारातनं, आणि कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलं. ती वरच्या खोलीत बसून कंपनीचं काम करते आणि काम झालं की खाली येऊन टीव्हीवर गाड्या पळवते. लेक कामानिमित्त बाहेरगावी असतो. त्यामुळं तिला जोडीदार नव्हता, म्हणून तिनं मला बसवलं. मी आधी नाही म्हणालो. मग त्यात ट्रॅक्टरची शर्यत असते हे कळलं. चिखलातनं ट्रॅक्टर पळवायचा, मागं ट्रॉली, ट्रॉलीतलं गवत सांडू द्यायचं नाही. आता हे मला कुणी शिकवायचं? पहिल्या दिवशी मी ट्रॅक्टर ओढ्यात घातला, पण ती रिमोटची चूक होती.

व्याह्यांना हे कळल्यावर ते मुद्दाम आले. म्हणाले, "म्हंजे पाव्हणं, तुमची शेती आता टीव्हीवर."

"बसा की," मी म्हणालो. "तुमचा हात बघू."

दोघांनी खेळायचं असलं की टीव्ही मधोमध वाटला जातो, एकाचा वरचा अर्धा, एकाचा खालचा. व्याह्यांनी वरचाच मागितला. वरच्या खाचराला पाणी आधी मिळतं म्हणे. मी म्हणालो, हितं पाणी नसतंय. ते म्हणाले, मग तुमाला खाली बसायला काय अडचण हाय? मी खालचा घेतला.

शर्यत सुरू झाली. मी पुढं होतो. हे मी उगाच म्हणत नाही, म्हातारी साक्षीला होती, ती दारात शेंगा सोलत होती. शेवटचं वळण दिसायला लागलं आणि टीव्ही काळा झाला. ठार काळा. आम्ही दोघं काळ्या काचेत स्वतःचीच तोंडं बघत बसलो. मग चित्र आलं तेव्हा माझा ट्रॅक्टर उलटा पडला होता, चाकं वर, आणि व्याह्यांचा झेंड्यापाशी उभा.

"जिंकलो," व्याही म्हणाले.

"कशाचं जिंकलो? अंधार झाला हुता."

"अंधार दोघांलाबी हुता. मी न बघता नीट चालवला." मग भिंतीकडं बघून हळूच म्हणाले, "पण पाव्हणं, तुमच्या भिंतीत हाय तरी काय?"

ते मला लागलं. शर्यतीचं नाही लागलं, भिंतीचं लागलं. शिवाय गावी परत जाऊन त्यांनी कोळवणात जीपच्या स्टँडवर सांगितलं की माणच्या व्याह्याची भिंत चित्र गिळते. हे मला एका जीपवाल्यानं सांगितलं, आणि तो हसत होता. येत्या रविवारी पुन्हा शर्यत ठरली. त्या दिवसापर्यंत चित्र पक्कं झालं पाहिजे आणि वायर तर दिसता कामा नये. नाहीतर माझी भिंत कोळवणच्या जीपमध्ये रोज फिरणार.

सूनबाईनं टीव्हीच्या मागं, कपाटाच्या मागं बघितलं. म्हणाली, "मामा, मशीन नवं हाय, टीव्ही नवा हाय. मधली वायर तेवढी घर बांधलं तेव्हाची. हे मशीन लई मोठं चित्र पाठवतं, तिच्यातनं एवढं जात न्हाई."

"धरण मोठं आणि पाट बारका."

"अगदी तसंच. सरळ मशीन टीव्हीखाली ठेवू. हातभर वायर लागंल, हातभरच दिसंल."

"हातभर दिसली काय आणि कासराभर दिसली काय, दिसलीच ना?"

ती हसली आणि मोबाईलवर नवी वायर शोधायला लागली. माझी सून शहाणी आहे, वडिलांवर गेलेली नाही.

तिनं नवी वायर मागवली. वायर कसली, करगोट्यापेक्षा थोडी जाड. तिच्यात तांबं नसतं, काचेचा तंतू असतो आणि त्यातनं उजेड पळतो म्हणे. मी विचारलं, "मग लाईट गेल्यावर तेवढाच उजेड घरात पडंल का?" पडत नाही. दोन्ही टोकांना चिंचोक्याएवढी बोंडं, वायर पाईपातनं गेली की त्यावर मोठी टोपी बसवायची. सूनबाईनं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. "मामा, हिला तोंड आणि शेपूट असतं. उजेड एकाच बाजूला जातो. हे तोंड, ह्याच्यावर खूण हाय. तोंड टीव्हीकडं, शेपूट मशीनकडं."

"कळलं," मी म्हणालो. आणि मला कळलं होतं.

वायरमन आला. तोच, ज्यानं आधी वायर घातली होती. त्यानं जुनी वायर कपाटाच्या बाजूनं ओढून बघितली. वीतभर आली आणि थांबली. त्यानं टीव्हीच्या बाजूनं ओढली, तीच वीतभर परत गेली. डोकं खाजवून म्हणाला, "आबा, आत कुटंतरी पाईप दबलाय. भिंत फोडावी लागंल."

"चहा पी," मी म्हणालो.

त्यानं चहा प्याला.

"आता जा."

भिंत फोडायची म्हणे. उद्या नाडी लागत नाही म्हणून हात तोडशील.

मग मी माझ्या पद्धतीनं जायचं ठरवलं. बैलाची वेसण बदलायची एक रीत असते. नाकातली दोरी झिजली तर ती आधी काढायची नाही. काढली तर बैल नाकाला हात लावू देत नाही, आणि भोक सापडेपर्यंत तो तुम्हाला शेतभर हिंडवतो. जुन्या वेसणीच्या शेपटाला नवी दाभणानं शिवायची, खोबरेल लावायचं, आणि जुनी हळू ओढत जायचं. जुनी बाहेर, नवी आत. बैलाला कळतसुद्धा नाही, तो फक्त मान हलवतो. आख्ख्या आळीच्या बैलांच्या वेसणी मी अशा बदलल्यात. भिंत तरी काय, न हलणारा बैलच.

सूनबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर हाय मामा, सगळे असंच करतात. जुनीला नवी बांधून ओढतात."

सगळे असंच करतात हे मला आवडलं नाही. पण सोडून दिलं.

रविवार उजाडला. सूनबाईला सुट्टी असूनही मीटिंग निघाली, परदेशातले साहेब लोक होते. तिची खोली हॉलच्या बरोबर वर. जाताना म्हणाली, "मामा, तासाभरात येते, मग आपण मिळून करू. तोपर्यंत आवाज नको हां." ह्याला कारण होतं. मागं एकदा मी टँकरवाल्याला दारातनं चार शब्द बोललो होतो, ते तिच्या मशीनमधनं परदेशात गेले, आणि तिकडच्या साहेबानं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कुणाला मदत पाठवायची का.

मिळून करू म्हणाली, पण व्याही दुपारच्या जेवणाला यायचे होते. त्यांच्या आधी काम झालेलं पाहिजे होतं. मी टीव्हीच्या बाजूला जुन्या वायरीचं टोक कापलं, त्याला नवी शिवली, टेप गुंडाळला, खोबरेल चोपडलं. मग कपाटाशी येऊन ओढलं. वीतभर आली. थांबली. पुन्हा ओढलं. वायर कमरेला गुंडाळून, एक पाय भिंतीला लावून मागं रेललो, तशातच मागनं आवाज आला.

"पाव्हणं, बैल मिळंना म्हणून सोताच जुपून घेतलं का काय?"

व्याही. जेवायला बोलावलेला माणूस न्याहारीला आलेला. खांद्यावर तांदळाची पिशवी.

"हळू बोला," मी म्हणालो. "वर मीटिंग हाय."

"कुनाची?"

"तुमच्याच लेकीची."

व्याह्यांनी दारात काढलेल्या चपला उचलून आणखी लांब नेऊन ठेवल्या. मग चवड्यावर चालत आले, पिशवी बाळ निजवावं तशी खाली ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं, तुमची भिंत गिळती? आता तर वायरबी सोडंना."

मला बोलायचं लई होतं, पण कुजबुजत भांडता येत नाही. भांडण हे मोकळ्या गळ्याचं काम आहे. मी फक्त म्हणालो, "धरा."

त्यांनी धरली. माणूस तोंडाचा वाईट पण मनगटाचा पक्का. मी टीव्हीपाशी जाऊन नवी वायर आत सारायची आणि त्यांनी कपाटापाशी ओढायची, असं ठरलं. हाळी द्यायची सोय नव्हती. म्हणून मी हात वर केला की ओढायचं, खाली केला की थांबायचं. दोन म्हातारे हॉलच्या दोन टोकांना उभे, एकानं हात वर केलाय आणि दुसरा भिंतीतनं आतडं ओढतोय. भाड्याच्या खोलीतला पोरगा पाणी मागायला दारात आला, आमच्याकडं बघितलं, आणि न मागताच गेला.

म्हातारी उंबऱ्यात बसून व्याह्यांनी आणलेले तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अवो, बैल मान हालवत्यात."

"हालवू दे," मी कुजबुजलो.

हात वर. ओढलं. हात खाली.

"अवो, खरंच हालवत्यात."

व्याही म्हणाले, "विहीणबाई, म्हातारे झाले बैल. डुलकी लागत आसंल."

"डुलकी बैलाला न्हाई, तुमा दोघांना लागलीया." सूप बाजूला ठेवून ती उठली, स्वयंपाकघरातनं पळी घेऊन आली आणि पळीच्या दांड्यानं माझ्या बरगडीत ढोसलं. "हिकडं बघा. फोटूकडं. पाव्हणं, वढा आता."

व्याह्यांनी ओढलं. चौकटीतली माझी बैलजोडी, शिंगांना गोंडे, अंगावर झूल, दोघांनीही मान खाली केली. सोडलं तर वर केली. पुन्हा ओढलं, पुन्हा केली. व्हय व्हय म्हणत होते जणू.

मी व्याह्यांकडं बघितलं. व्याह्यांनी बैलांकडं बघितलं.  मी जाऊन फोटो उतरवला. मागं तो खिळा होता, वरवंट्यानं ठोकलेला, लांबलचक, दारं-खिडक्यांना मारतात तसला. व्याह्यांनी पुन्हा एकदा, अगदी हळूच, वायर ओढली. खिळ्यानं मान डोलावली.

आता तुम्ही समजून घ्या माझ्यावर काय प्रसंग होता. ज्या माणसानं माझी भिंत जीपमध्ये फिरवली, त्याच माणसाचा खिळा माझ्या भिंतीच्या पोटात. भिंत फोडून पाईपात घुसलेला, पाईप फोडून वायरीत. 'तुमच्या भिंतीत हाय तरी काय' ह्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते मला देता येत नव्हतं! व्याह्याला त्याच्या तोंडावर बोलत नाहीत. त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, पहिलं ताट द्यायचं, मटणातली नळी त्याच्या वाटीत घालायची. वर त्याची लेक आपल्या घरात. मोठ्यांदा बोललो तर सून ऐकणार, सून ऐकणार म्हणजे परदेशातले साहेबही ऐकणार. शब्द घशापर्यंत येऊन परत जात होते. मला ठसका लागला.

"पानी द्या त्यांना," व्याही म्हणाले.

म्हातारीला मात्र असली काही अडचण नव्हती. ती खिळ्याजवळ जाऊन बघत म्हणाली, "ह्याच मेल्या खिळ्यापायी माजा वरवंटा फुटला."

व्याह्यांनी पक्कड मागितली. मी दिली. त्यांनी खिळा धरला, पाय भिंतीला लावला, आणि तो निघता निघेना. निघाला तेव्हा टोकाला तांब्याचा एक बारीक तुकडा चकाकत होता. व्याह्यांनी खिळा उजेडात धरला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाले,

"ठोकला मात्र पक्का हुता."

मी पाणी प्यालो.

त्यानंतर वायर अशी पळाली की मला सारता पुरेना. जुनी सगळी कपाटाकडं बाहेर, मागनं नवी खोबरेलात न्हाऊन आलेली. म्हातारीसुद्धा हसली. व्याह्यांनी टोप्या बसवल्या, मी मशीन चालू केलं, आणि आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. टीव्ही काळा. पहिल्यांदा निदान काही वेळ चित्र दिसून मग जायचं, आता आलंच नाही.

"गिळलं," व्याही पुटपुटले.

तेवढ्यात मीटिंग संपवून सूनबाई खाली आली. तिनं वायरींची वेटोळी बघितली, खोबरेलाचे हात बघितले, भिंतीवरचं भोक बघितलं, वडील बघितले. "आण्णा, तुमी कदी आला?" असं म्हणत कपाटाशी वाकली, टोपी काढली, आणि तशीच वाकून राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते की काय.

"मामा," ती म्हणाली, "तोंड हिकडं आलंय."

"मग? तोंड आधी नगं जायला?"

"पण ते टीव्हीकडं पाहिजे हुतं. मी सांगितलं हुतं ना?"

सांगितलं होतं. तोंड कुठं यायला पाहिजे ते तिनं सांगितलं होतं, पण आधी काय घालायचं हे कुठं सांगितलं होतं? मी टीव्हीकडनं घालत होतो. घालताना तोंड आधी घातलं. आजवर गोठ्यात शेपटीकडनं गेलेला बैल तुम्ही बघितलाय का? कुणी बघितला असेल तर मला आणून दाखवा. माझं म्हणणं आजही तेच आहे की वायर बरोबर गेली होती, टीव्ही आणि मशीन उलट्या जागी होते. मी तसं सुचवलंही, की टीव्ही कपाटात ठेवू आणि मशीन भिंतीवर लावू. सूनबाईनं तोवर टेप सोडायला घेतली.

व्याही मात्र उजळले. इतका वेळ खिळ्याच्या भारानं वाकले होते, ते ताठ बसले. "असू द्या, असू द्या, पाव्हणं," म्हणाले. "हुतंय असं. मानूस हाय." असा मोठा मनाचा माणूस मला फार त्रास देतो.

नवीच्या मागं जुनी बांधून ती परत पाईपात घेतली, आणि पुन्हा सगळं केलं. ह्या वेळी सूनबाईनं शिवलं, मी तेल लावलं, शेपूट आधी घातलं. वर मीटिंग नव्हती, त्यामुळं मोकळ्या गळ्यानं हाळ्या देता आल्या आणि काम अर्ध्या वेळात झालं. "येऊ दे!" "आली आली!" "थांब!" "थांबलो!" "आरं वढ की!" "वढतोय न्हाई तर काय लाडू वळतोय?" त्या भरात व्याही मला अरे-तुरे बोलले आणि मीही त्यांना बोललो, ते दोघांच्याही नंतर लक्षात आलं. म्हातारी म्हणाली, मटण गार झालंय, आता भिंतच जेवा.

चित्र आलं. काय चित्र! चिखलातलं गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आभाळ दिसत होतं. आणि भिंतीवर, ओळंब्यातल्या माझ्या भिंतीवर, खिळ्याचं तेवढं भोक सोडलं तर काही नाही. व्याही उठून टीव्हीच्या मागं डोकं घालून आले. "व्हय," म्हणाले. ते 'व्हय' मी अजून जपून ठेवलंय.

जेवून शर्यत लावली. ह्या वेळी वरचा अर्धा मी घेतला, आधीच सांगून ठेवलं होतं. मी मागच्या वेळेच्या मानानं हुशारीनं चाललो, गवत सांडलं नाही. शेवटच्या वळणावर व्याही मला घासून पुढं गेले. मी टीव्हीकडं बघत होतो. आता काळा होईल, मग होईल. नाही झाला. नवी वायर, स्वच्छ उजेड, क्षणभरही लुकलुक नाही, आणि त्या लख्ख उजेडात माझा ट्रॅक्टर ओढ्यात जाताना सगळ्यांनी बघितला.

"आता?" व्याही म्हणाले.

मी म्हणालो, खाचर बदलल्यामुळं झालं.

हरल्याचं मला काही नाही. पण एक वाद अजून मिटलेला नाही. आधी चित्र जात होतं ते वायर जुनी म्हणून, की खिळ्यामुळं? व्याही म्हणतात वायर जुनी होती, सूनबाईनंच तसं सांगितलंय. मी म्हणतो खिळा. सूनबाईला विचारलं तर ती म्हणते दोन्ही असेल, आणि वर निघून जाते. जुनी वायर भंगारवाल्यानं नेली, त्यामुळं निवाडा होणार नाही. मी मरेपर्यंत खिळाच म्हणणार.

निघताना व्याह्यांनी फोटो पुन्हा लावायला घेतला. वरवंटा म्हातारीनं आधीच पोटाशी धरला होता. सूनबाईनं मग चिकटवायचा हूक आणला आणि बैल त्यावर टांगले. भोकात मी पुट्टी भरली, वर रंग मारला. आता शोधूनही सापडत नाही.

खिळा मात्र मी फेकला नाही. तांब्याच्या तुकड्यासकट धुऊन पुसून शोकेसमध्ये ठेवलाय, गेमच्या मशीनच्या शेजारी, काचेआड, दारातनं आत येणाऱ्याला बरोबर दिसेल असा. व्याह्याला तोंडावर बोलत नाहीत, ही रीत मी पाळली. खिळा ठेवायचा नाही अशी काही रीत नाही.

पुढच्या वेळी व्याही आले. पाय धुतले, आत आले, शोकेससमोर थांबले. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो, त्यावरनं बघत होतो. ते वाकले.  मग काच उघडून खिळा हातात घेतला, बोटावर फिरवला, आणि स्वयंपाकघराकडं वळून म्हणाले,

"विहीणबाई, बघितला का? आजून गंज न्हाई. खिळा घ्यावा तर आमच्या कोळवणातनं."